नांव, गांव आणि पारपत्र

गेल्या उन्हाळ्यांत एके दिवशीं दुपारीं शेजारच्या आजी आमच्याकडे आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, प्रकृति काटक, नाशकाबाहेरचा प्रवास म्हणजे पंढरपूर आणि एकदां काशी. अमेरिकेंत त्यांची नात प्रथमच बाळंत व्हावयाची होती, आणि पणतवंडाला पहिली आंघोळ आपल्या हातची घालावयाची असा त्यांचा निश्चय होता. त्यांच्या हातांत व्हिसाच्या अर्जांतील प्रश्नांची छापील प्रत होती. तिकडून मुलानें दूरध्वनीवर सांगून ठेविलें होतें कीं, दुसरें कांहीं नांव होतें काय या प्रश्नाला 'नाहीं' म्हण, जन्मतारीख पासपोर्टावर आहे तीच लिही, आणि उगाच विचार करीत बसूं नकोस. परंतु आजींना नेमका विचारच पडला होता. "सर," त्या म्हणाल्या, "लग्नाआधीं माझं नांव वेगळं होतं. आणि आई सांगायची, मी श्रावणांत जन्मले. पासपोर्टावर आहे एक जून. म्हणजे परक्या सरकारला मी दोन खोट्या गोष्टी लिहून द्यायच्या का?"

मी इतिहास शिकवितों; वकिली करीत नाहीं. तथापि हा प्रश्न दिसतो तितका कारकुनी नाहीं. तुझें नांव काय, तूं कोणाचा, कोठला, कधीं जन्मलास, या चार प्रश्नांचीं उत्तरें माणसें निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या रीतीनें देत आलीं आहेत. आणि त्या उत्तरांचे पुरावे आमच्या या गांवाच्या परिसरांत जितक्या जवळजवळ सांपडतात तितके ते दुसरीकडे क्वचितच सांपडतील. आजींना जें उत्तर मीं तेव्हां तुटक तुटक दिलें, तेंच येथें जरा सविस्तर मांडतों.

नाशकाच्या दक्षिणेस त्रिरश्मि डोंगरावर जीं लेणीं आहेत त्यांना आपण पांडवलेणीं म्हणतों. पांडवांचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं आहेत. त्यांतील सतराव्या लेण्यांत एक ब्राह्मी लेख आहे. तो कोरविणारा मनुष्य परका होता. त्याची माहिती लेखांत ज्या क्रमानें येते तो क्रम पाहण्यासारखा आहे: तो उत्तरेकडचा, दात्तामित्री नांवाच्या नगराचा राहणारा, जातीनें योनक, म्हणजे यवन, धर्मदेवाचा पुत्र, आणि नांव इंद्राग्निदत्त. पुढें त्यानें हें लेणें, आंतील चैत्यगृह व पाण्याचीं टांकीं आईबापांच्या पुण्यार्थ करविलीं असें सांगून, आपला मुलगा धर्मरक्षित याचेंहि नांव जोडलें आहे. दिशा, नगर, राष्ट्र, पित्याचें नांव, स्वतःचें नांव आणि बरोबर कोण! परदेशीं गेलेल्या माणसाला आजचा अर्ज जें विचारतो त्यांतील बहुतेक सर्व त्यानें न विचारतां सांगून ठेविलें आहे. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. नांव इंद्र आणि अग्नि या वैदिक देवतांचें. दान बौद्ध संघाला. तरीहि आपण योनक आहों हें त्यानें लपविलें नाहीं. या देशांत मिसळून जाण्यासाठीं मूळ दडवावें लागतें असें त्याला वाटलें नसावें.

दहावें लेणें नहपान क्षत्रपाच्या जांवयाचें. हा आपली ओळख दोन नात्यांनीं करून देतो: नहपानाचा जांवई आणि दीनिकाचा पुत्र. त्याची पत्नी दक्षमित्रा हिनेंहि भिक्षूंसाठीं एक खोली दिली. तेथील लेखांत ती नहपानाची कन्या व दीनिकपुत्राची पत्नी अशी दोन्हीं घरांच्या नात्यांनीं नोंदलेली आहे. लग्नानंतर माहेर पुसून टाकण्याची गरज त्या लेखाला भासली नाहीं. मात्र या जांवयाचें नांव काय हा प्रश्न संशोधकांना सोडवावा लागला. नाशिकच्या लेखांत तो 'उषवदात' आहे, कार्ल्याच्या लेण्यांत 'उसभदात' आहे, आणि संस्कृतांत तें नांव 'ऋषभदत्त' असावें असें मानतात. आजच्या एखाद्या वकिलातीच्या खिडकीशीं तो उभा राहिला असता तर हीं दोन निरनिराळीं माणसें आहेत काय, असा प्रश्न त्याला खात्रीनें आला असता. दोन्ही ठिकाणीं नहपानाचा जांवई व दीनिकाचा पुत्र हीं नातीं तींच आहेत, म्हणूनच तो एकच मनुष्य हें आपण निःशंकपणें म्हणूं शकतों. शब्दाचें लेखन बदललें तरी संबंध जुळले, कीं ओळख पटते. हा धडा पुढें उपयोगी पडेल.

याच उषवदातानें तीन हजार कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. दोन हजार दरमहा शेंकडा एक टक्का व्याजानें आणि एक हजार पाऊण टक्क्यानें. लेखाच्या शेवटीं असें म्हटलें आहे कीं, हें सर्व निगमसभेंत ऐकविलें गेलें व रिवाजाप्रमाणें दप्तरांत नोंदविलें गेलें. म्हणजे दगडावर कोरणें पुरेसें नव्हतें. दप्तरांतहि नोंद हवी होती. त्या दप्तराचा आज मागमूस नाहीं. दगड तेवढा राहिला आहे.

तिसरें लेणें गौतमी बलश्रीचें. गौतमीपुत्र सातकर्णीची ती माता व वासिष्ठीपुत्र पुळुमावीची आजी. हे राजे आईच्या नांवानें ओळखले जात. महाराष्ट्र शासनानें १ मे २०२४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नांवांत, आधीं स्वतःचें, मग आईचें, मग वडिलांचें नांव आणि शेवटीं आडनांव असा क्रम ठरविला, तेव्हां पुष्कळांना ती फार नवी गोष्ट वाटली. नाशकास ती नवी वाटण्याचें कारण नव्हतें.

लेण्यांवरून खालीं उतरून गोदावरीकाठीं रामकुंडावर यावें. येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या सर्वश्रुत आहेत. यात्रेकरू आला कीं उपाध्याय त्याला मूळ गांव, आडनांव व कूळ विचारतो, आणि घरांतून जुनी लांबट वही काढून त्याच्या आजोबा-पणजोबांचें हस्ताक्षर त्याच्यापुढें ठेवितो. यात्रेकरू मग त्याखालीं आपलें नांव, भावांचीं व मुलांचीं नांवें लिहितो. या वहींची एक विशिष्ट दृष्टि आहे. मनुष्य आज मुंबईंत असो वा लंडनांत, वही त्याला मूळ गांवावरूनच शोधते. पुरुषाखालीं पुरुष अशी तिची ओळ उतरत जाते. सुना सासरच्या नांवानें येतात, आणि लेकींची नोंद बहुधा होत नाहीं. तींत जन्मतारीख नसते. तूं कोणाचा, हें ती विचारते. कधींचा, हें विचारीत नाहीं. आमच्या आजींचें लग्नापूर्वींचें नांव म्हणूनच कोणत्याहि वहींत सांपडलें नसतें. माहेरच्या वहींत तें चढलें नाहीं आणि सासरच्या वहींत दुसरेंच चढलें.

नांव बदलण्याची ही रीत आपल्याकडे किती खोल गेली होती हें दाखविण्यास दूर जावयास नको. 'स्मृतिचित्रें' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक नाशकाजवळच्या जलालपूरच्या. माहेरच्या त्या मनकर्णिका गोखले. आनंदीबाई जोशी ह्या १८६५ सालीं जन्मल्या तेव्हां यमुना होत्या. माहेर व सासर दोन्हीं जोश्यांचीं, म्हणून आडनांव राहिलें, पण नांव गेलें. १८८३ च्या एप्रिलांत त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. तिकडे त्यांचें आडनांव इंग्रजी लिपींत शेवटीं 'ई' हें अक्षर दोनदां घालून लिहिलें जाई. आपण आज एकच 'आय' लिहितों. १८८६ सालीं त्या पदवीधर झाल्या त्या याच लेखनानें. जगाला त्या यमुना म्हणून ठाऊकच नाहींत.

पुरुषांचीं नांवें लग्नानें बदलत नसलीं तरी तीं अढळ होतीं असेंहि नाहीं. लोकमान्यांचें जन्मनांव केशव. घरांत त्यांना बाळ म्हणत, आणि तें लाडकें नांवच बाळ गंगाधर टिळक असें इतिहासांत गेलें. साताऱ्याच्या शाळेंत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं एका मुलाचें नांव पटावर चढलें: भिवा रामजी आंबेडकर. घराणें सकपाळांचें; आडनांव आंबडवे या गांवावरून आलेलें. पुढें तो भीमराव झाला, आणि या नाशकांत काळारामाच्या सत्याग्रहाच्या निमित्तानें व १९३५ सालीं येवल्याच्या परिषदेंत त्याच्या नांवाचा केवढा घोष झाला हें सांगावयास नको. शाळेच्या पटावरची ती एक ओळ पुढें एवढी मोलाची ठरली कीं, ७ नोव्हेंबर हा महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पटावर नांव लिहिणाऱ्या मास्तराला आपण काय लिहीत आहों याची कल्पना कोठून असणार!

आतां पारपत्राकडे वळूं. आनंदीबाई १८८३ सालीं गेल्या तेव्हां आगबोटीचें तिकीट, पैसा आणि धैर्य एवढ्यावर काम भागत असे. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ सालीं चित्रपटाची विद्या मिळविण्यास विलायतेस गेले, तेव्हांहि नांव-गांव विचारणारा आजच्यासारखा अर्ज आडवा आला नाहीं. दाराला कडी लागली ती पहिल्या महायुद्धांत. हेरांच्या भीतीनें सर्व राष्ट्रांनीं प्रवाशांचे कागद मागावयास आरंभ केला, आणि युद्ध संपल्यावर भीति गेली तरी कागद राहिले. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें पॅरिस येथें परिषद भरून पारपत्राच्या पुस्तिकेचा एक सामान्य नमुना ठरला. त्याच वर्षीं हिंदुस्थानांत येणाऱ्यांकडे पारपत्र मागण्याचा कायदा झाला. तो थेट २०२५ पर्यंत अमलांत होता.

या कागदाचें दुसरें अंग टिळकांनीं अनुभविलें. १९१८ सालीं होमरूलची बाजू मांडण्यासाठीं ते व त्यांचे सहकारी विलायतेस निघाले. कोलंबोपर्यंत पोंचल्यावर त्यांचीं पारपत्रें रद्द करण्यांत आलीं व त्यांना परत फिरावें लागलें. पुढें त्याच वर्षीं चिरोल खटल्यासाठीं परवानगी मिळाली, ती राजकारण न बोलण्याच्या अटीवर. अर्ज बिनचूक असला म्हणजे परवाना मिळतोच असें नाहीं, हें यावरून उघड होतें. स्वतंत्र भारतांतहि १९६७ पर्यंत पारपत्र देणें न देणें ही सरकारची मर्जीच समजली जात होती. त्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें परदेशगमन हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला, आणि पाठोपाठ पारपत्राचा कायदा झाला. मर्जीच्या जागीं हक्क आला. त्या हक्काबरोबर एक बंधनहि आलें. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन वा माहिती दडवून पारपत्र मिळविणें हा त्या कायद्यानें गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

हीं पारपत्रें छापलीं जातात तीं कोठें? नाशिकरोडला. १९२५ सालीं स्थापन झालेल्या सरकारी मुद्रणालयांत आधीं तिकिटें व मुद्रांक छापले जाऊं लागले. आज पारपत्राच्या पुस्तिकाहि तेथेंच तयार होतात. म्हणजे रामकुंडावरची वही आणि देशोदेशीं जाणारी ही निळी वही, दोहोंचें गांव एकच. परंतु या दुसऱ्या वहीची दृष्टि अगदीं निराळी आहे. तिच्या पानाच्या तळाशीं यंत्राला वाचतां येतील अशा दोन ओळी असतात. प्रत्येक ओळींत नेमकीं चव्वेचाळीस चिन्हें. त्यांपैकीं नांवाला एकोणचाळीस जागा. आधीं आडनांव, मग दोन खुणा, मग उरलेलें नांव. रोमन अक्षरें, आंकडे आणि एक भरतीची खूण यांपलीकडे यंत्राला कांहीं कळत नाहीं. काना, मात्रा, वेलांटी तर नाहींच. नातेंहि कळत नाहीं. उषवदात आणि उसभदात एकच, हें तें यंत्र जन्मांत ओळखणार नाहीं.

आपल्या लोकांच्या बहुतेक अडचणी येथेंच उद्भवतात. मराठी नांवाचे तीन भाग: स्वतःचें, बापाचें किंवा नवऱ्याचें, आणि आडनांव. अर्जाच्या रकाने मात्र दोन. भीमराव रामजी हें एका रकान्यांत आणि आंबेडकर हें दुसऱ्यांत, हा योग्य विभाग. कित्येक जण तिन्ही नांवें एकाच रकान्यांत लिहितात व दुसरा रिकामा सोडतात. मग अमेरिकेच्या व्हिसावर त्या रिकाम्या जागीं 'पहिलें नांव अज्ञात' या अर्थाचीं तीन इंग्रजी अक्षरें येतात, आणि आयुष्यभर नांवानें हांक मारून घेतलेला मनुष्य तिकडे अनामिक ठरतो. संयुक्त अरब अमिरातीनें तर २०२२ च्या नोव्हेंबरापासून ज्यांच्या पारपत्रावर एकच नांव आहे अशा प्रवाशांना पर्यटनाच्या व्हिसावर प्रवेश देण्याचें बंद केलें.

दुसरी अडचण तारखेची. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला उजाडतो. इंग्रजी तारीख मध्यरात्रीं बदलते. गुरुवारीं पहांटे तीनला जन्मलेलें मूल म्हणून पत्रिकेंत सांगितलें, तर इंग्रजी हिशेबानें तें शुक्रवारचें असतें. तिथीवरून तारीख काढतांना हा एक दिवस पुष्कळ घरांत हरवलेला आहे. त्याहून मोठा घोटाळा शाळेंत झाला. शाळा जूनमध्यें उघडत. आईबापांना तारीख सांगतां येत नसे. मास्तर मुलाच्या अंगलटीवरून वर्ष ठरवीत आणि पुढें '१ जून' लिहून मोकळे होत. महाराष्ट्रांत एका विशिष्ट पिढीचीं असंख्य माणसें या एकाच दिवशीं जन्मलेलीं आहेत, तें यामुळें. जन्ममृत्यूच्या सक्तीच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्यांतील २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पारपत्रासाठीं जन्मदाखल्याखेरीज वयाचा दुसरा पुरावा चालत नाहीं. म्हणजे एक जूनची पिढी हळूहळू संपेल. आमच्या आजी त्या पिढीच्या.

आतां त्यांच्या दोन प्रश्नांचीं उत्तरें. जन्मतारखेच्या बाबतींत मुलगा बरोबर होता. श्रावण त्यांना ठाऊक होता, पण तिथि ठाऊक नव्हती. आई गेली, पत्रिका कधीं झालीच नव्हती. एक जून ही तारीख त्यांनीं रचिलेली नव्हती. ती शाळेच्या दाखल्यानें त्यांना दिली व पारपत्रानें मान्य केली. व्हिसाचा अर्ज पारपत्राशीं अक्षर न् अक्षर जुळलाच पाहिजे. ज्याच्याजवळ निराळ्या तारखेचा खरा पुरावा असेल त्यानें आधीं पारपत्र रीतसर दुरुस्त करून घ्यावें आणि मगच अर्ज भरावा. अर्जांत परस्पर दुरुस्ती करूं नये. पुरावा नसतांना अंदाजानें श्रावणांतली एखादी तारीख लिहिणें हेंच उलट खोटें झालें असतें.

नांवाच्या बाबतींत मात्र मुलगा चुकला होता. अर्ज स्पष्ट विचारतो कीं, लग्नापूर्वींचें, धार्मिक, व्यावसायिक किंवा अन्य कोणतें नांव तुम्हीं कधीं वापरलें आहे काय? याचें खरें उत्तर 'होय' असें होतें. लांबण नको म्हणून 'नाहीं' म्हणणें सोपें. पण परक्या देशाचा अधिकारी आपली लांबण ओळखत नाहीं, तो फक्त उत्तर ओळखतो. अक्षराची चूक ही चूक असते व ती बहुधा दुरुस्त करतां येते. जाणूनबुजून केलेली लपवाछपवी निराळी. महत्त्वाच्या बाबतींत हेतुपुरस्सर खोटें सांगणाऱ्याला अमेरिकेचा कायदा कायमचा अपात्र ठरवूं शकतो, आणि ब्रिटन दहा वर्षें दार बंद करूं शकतें. आजींच्या जुन्या नांवावरून एवढें रामायण झालें असतें असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर खरें देण्यांत कांहींच तोटा नाहीं, त्याचें खोटें उत्तर देण्यांत शहाणपणा कोणता? इंद्राग्निदत्तानें आपण योनक असल्याचें दगडावर कोरून ठेविलें तें याच सरळपणानें.

मीं संगणक उघडला आणि त्या सांगतील तसें भरीत गेलों. 'अन्य नांवें' या रकान्याशीं आलों तेव्हां त्या क्षणभर थांबल्या, मग त्यांनीं आपलें माहेरचें नांव, वडिलांचें नांव आणि माहेरचें आडनांव सावकाश उच्चारलें. तें नांव मी येथें लिहीत नाहीं; तें त्यांचें आहे. "साठ वर्षांत हें मला कोणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. त्या अर्जांत आणखी एक रकाना आहे: स्वतःच्या मातृलिपींत पूर्ण नांव. तेथें मात्र त्यांनीं मला टंकूं दिलें नाहीं. आधीं कागदावर पेन्सिलीनें त्यांनीं तें लिहिलें, ऱ्हस्वदीर्घ नीट पाहिलें, आणि मग बोटानें एकएक अक्षर दाखवून माझ्याकडून भरून घेतलें.

मुंबईच्या मुलाखतींत त्यांना त्या जुन्या नांवाविषयीं कोणीं अवाक्षरहि विचारलें नाहीं. कोणाकडे जातां, कशासाठीं जातां आणि परत केव्हां येणार, एवढेंच विचारलें. व्हिसा मिळाला. पणतीला आंघोळ घालून आजी दिवाळीच्या आधीं परत आल्या. मुलीचें नांव काय ठेविलें, असें मीं विचारलें, तेव्हां आधीं त्या हंसल्या. आणि मग जें नांव त्यांनीं सांगितलें तें मला ओळखीचें वाटलें. उन्हाळ्यांत मीं तेंच त्या रकान्यांत भरलें होतें.